वायरीचे जतन

आपल्या स्मरणिकेत पाककृती, आरोग्य, बालसंगोपन अशा विषयांवर लेख येतात. त्यांच्या पंक्तीला वायरीवरचा लेख कुणाला चमत्कारिक वाटेल. परंतु आज ज्या घरात मोबाईल आहे, त्या घरात मानेपाशी फाटलेली चार्जरची वायर बहुधा असतेच. आणि या क्षुद्र वस्तूलाही इतिहास आहे.

१८५० साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडीत तारायंत्राची तार टाकली गेली. तिच्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन तेवढे होते. ती लगेच निकामी झाली. १८५१ साली लोखंडी तारांचे कवच चढवून दुसरी टाकली, तेव्हा ती टिकली. १८७० मध्ये आपली मुंबईही समुद्रतारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. अशी तार तुटली की खास जहाज निघे, आकड्याने तिला तळातून वर ओढी आणि जोड देऊन पुन्हा पाण्यात सोडी. तारेची एवढी मातबरी होती!

घरातही तीच रीत होती. माझ्या लहानपणी आमच्या रेडिओवर आईने क्रोशाने विणलेले आच्छादन असे. आतले व्हॉल्व्ह तापत, म्हणून रेडिओ लावण्यापूर्वी ते काढून घडी करून ठेवावयाचे, हा दंडकच होता. विजेच्या इस्त्रीची वायर सुती वेष्टनाची होती. ती विरली तेव्हा आईने काटकसर म्हणून तिच्यावर कापडाची चिंधी गुंडाळली. एके दिवशी कपड्यांवर पाणी शिंपडून तिने ओल्या हाताने ती वायर सरकविली, तो जबर झटका बसला. हात आपोआप फेकला गेला म्हणूनच ती वाचली. त्याच दिवशी वडिलांनी वायर बदलली. आई पुढे नेहमी म्हणे, “जपायचं ते इस्त्रीला. वायर जीर्ण झाली की तिला निरोप द्यावा.”

पुढे काळ पालटला. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिले मोबाईल संभाषण झाले. नंतर घरोघरी फोन आले, आणि प्रत्येक कंपनीची पिन निराळी! फोन बदलला की जुनी वायर निरुपयोगी. अशी वस्तू जपावी तरी कशासाठी? वायर टाकून देण्याची सवय आपल्याला लागली, ती केवळ आळसाने नव्हे. २०१४ साली टाइप-सी ही पिन ठरली. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईलला तीच पिन सक्तीची झाली. एकच वायर अनेक उपकरणांना चालू लागली, म्हणजे तिला जपण्यात पुन्हा अर्थ आला.

वायरीच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा असतात. एकाच जागी पुनःपुन्हा वाकल्याने त्या एकेक तुटतात, आणि हे घडते ते बहुधा पिनेच्या मानेशी. म्हणून वायर न ओढता पिन धरून काढावी, सैल वेटोळे करून ठेवावी, फोनभोवती आवळून गुंडाळू नये. मोबाईलच्या साध्या वायरीत पाचच व्होल्ट असतात. तिचा झटका बसत नाही, त्यामुळे आपण गाफील राहतो. पण उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर तापतात, आणि उशीखाली त्या उष्णतेला वाट मिळत नाही.

गेल्या महिन्यात नातवाने फाटक्या वायरीला चिकटपट्टी लावलेली मी पाहिली, आणि मला आईची चिंधी आठवली. त्याची काटकसर मला आवडली. तरीही वायर मी काढून घेतली आणि आईची हकीकत त्याला सांगितली.

जुन्या वायरी केरात टाकू नयेत. आत चांगले तांबे असते. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम आपल्या देशात लागू आहेत. मंडळाच्या कार्यालयात अशा वायरींसाठी एक खोके ठेवावे आणि भरले की अधिकृत संकलन केंद्रात पोचवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली वायर मी घालीन. नातवाची ती चिकटपट्टीची वायर मी जपून ठेविली आहे.