गुडघ्याच्या झटक्याची वंशावळ

अंगावरून वारे गेलेला मनुष्य पलूसच्या बाजारातून चालू लागला, की त्याची अडचण पायाच्या दुर्बलतेइतकीच अनावर ताठरपणाचीही आहे, हे नीट पाहणाऱ्याच्या ध्यानात येते: पोटरी ओढलेली, टाच भुईला न टेकणारी, चवडा मातीत रेघ ओढीत येणारा आणि सारा पाय कमरेतून अर्धवर्तुळात फेकलेला. मेंदूचा अंमल ढिला पडला, की मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया परभारे कारभार करू लागतात. त्यांना पुन्हा शिस्त लावता येते, या कल्पनेचा मूळ पुरुष मला अशा ठिकाणी सापडला, जिथे त्याला कोणी शोधीत नाही.

कंडरेवर ठोकले असता गुडघा उडतो, हे १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या जर्मन वैद्यांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले. १९१० साली, म्हणजे आमच्याकडे कुंडल रोडच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखाना उभारीत होते तेव्हा, पाउल हॉफमनने विजेच्या हलक्या धक्क्याने पोटरीत तशीच क्रिया उठवून दाखविली. हे सर्वश्रुत आहे.

परंतु त्याआधीच फिलाडेल्फियात एडविन ट्विटमायर हा गुडघ्याच्या झटक्याचा अभ्यास करीत असता, आधी घंटा आणि मागोमाग हातोडी असा क्रम चाललेला असताना, एकदा घंटा वाजली, हातोडी पडलीच नाही, आणि तरीही पाय उडाला! आपण तो मुद्दाम हलविला नाही, असे त्या माणसाचे म्हणणे पडले. १९०२ च्या प्रबंधात ही हकीकत नमूद आहे. १९०४ साली विल्यम जेम्सच्या अध्यक्षतेखालील सभेत ट्विटमायरने ती मांडली, तेव्हा श्रोत्यांनी दखलही घेतली नाही, आणि कुत्र्यांवरील अशाच शोधासाठी ओळखल्या जाणाऱ्या पाव्हलॉव्हला त्याच साली (पचनक्रियेवरील संशोधनासाठी का होईना) नोबेल मिळाले. ट्विटमायर पुढे वाचादोष सुधारण्याच्या कामाला लागला. केवळ प्रतिक्षिप्त क्रियांसाठी घडविलेली टेलरची हातोडी १८८८ साली याच शहरात जन्मली होती; ट्विटमायरचा शोध हा त्या शहराच्या वैद्यकीय वातावरणाचाच परिपाक, असे मी बेधडक म्हणतो.

प्रतिपक्षाचा दावा ऑल्बनीच्या जोनाथन वोल्पॉच्या बाजूने आहे. १९८३ साली त्याने माकडांना बक्षीस देऊन प्रतिक्षिप्त क्रिया कमी-जास्त करण्यास शिकविले आणि या शिक्षणाची खूण खुद्द मज्जारज्जूत उरते, असे पुढे दाखविले. घंटेने उडालेला गुडघा मेंदूच्या हुकमाने उडाला नसेल कशावरून, हा त्या पक्षाचा आक्षेप वजनदार आहे. तथापि ही क्षुद्र क्रिया शिकू शकते, याचा पहिला दाखला ट्विटमायरचाच. वारसा तिथूनच लावावा लागेल.

हेच शिक्षण माणसाला देण्याच्या वोल्पॉ आणि ऐको थॉम्पसन यांच्या रीतीत रुग्ण उभा राहतो, गुडघ्यामागे विजेचा सौम्य धक्का बसतो, आणि पोटरीचे उत्तर पडद्यावरील पट्टीत उमटते. स्नायूचा नेहमीचा ताण कायम राखून ती पट्टी खाली ठेवायची, त्यामुळे पाय सैल सोडण्याची लबाडी चालत नाही. एका बैठकीत २२५ धक्के, अशा सुमारे ३० बैठका. मज्जारज्जूला अपुरी इजा झालेल्या ९ जणांपैकी ६ जणांना हे साधले, आणि २०१३ च्या वृत्तान्तानुसार त्यांच्या चालण्याचा वेग सरासरी ५९ टक्क्यांनी वाढला.

पक्षाघातासाठी हा उपाय अजून संशोधनाच्या दालनातच आहे. तेव्हा आमच्या तालुक्यातील रुग्णांच्या घरच्यांनी त्याची वाट पाहत बसू नये. भौतिकोपचारतज्ज्ञाने सांगितलेला पोटरी ताणण्याचा आणि टाच टेकून चालण्याचा सराव एक दिवसही चुकवू देऊ नये.