दगडी फरशीतील भेगा व छिद्रांची दुरुस्ती

संगमरवर, ग्रॅनाइट, चुनखडक, ट्रॅव्हर्टाइन, बेसाल्ट इत्यादी नैसर्गिक दगडांच्या फरशीला पडलेल्या भेगा, टवके व छिद्रे भरून तिचा पृष्ठभाग पूर्ववत करण्याच्या कामाला दगडी फरशीची दुरुस्ती म्हणतात. हे काम वरवर लांबी भरण्यासारखे दिसते. मात्र भेग कशामुळे पडली हे न पाहता ती भरल्यास ती बहुधा पुन्हा त्याच जागी उघडते.

कारणांचा शोध

जड वस्तू पडून एकाच लादीला गेलेला तडा आणि अनेक लाद्या ओलांडत सरळ रेषेत गेलेली भेग यांत मूलभूत फरक आहे. पहिला दोष दगडापुरता असतो. दुसऱ्या प्रकारात लादीखालच्या काँक्रीटला तडा गेलेला असण्याची किंवा प्रसरणासाठी सांधा न सोडल्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी आधी खालचा थर स्थिर करावा लागतो.

लादीखाली मसाला सर्वत्र न पसरता केवळ काही ठिपक्यांवर ठेवला असेल, तर मध्ये पोकळी राहते व वजन येताच दगड तेथे मोडतो. लाकडी मुठीने किंवा नाण्याने ठोकून गवंडी ही पोकळी ओळखतात. भरीव लादी खणखणीत वाजते, पोकळ लादीचा आवाज बद्द येतो. पोकळी लहान असल्यास सांध्यातून बारीक भोक पाडून पातळ राळ किंवा सिमेंटचे पाणीदार मिश्रण आत सोडले जाते.

प्रत्येक छिद्र म्हणजे नुकसान नव्हे. ट्रॅव्हर्टाइन हा उष्ण झऱ्यांच्या पाण्यातून साचलेला चुनखडक असून वायूचे बुडबुडे व कुजलेल्या वनस्पतींमुळे तो मुळातच सच्छिद्र असतो. त्याची छिद्रे कारखान्यातच सिमेंटने किंवा राळेने भरतात. वापराने हे भरण निघून आले की छिद्र नवीन पडल्यासारखे वाटते. दख्खनच्या बेसाल्टमध्येही लाव्हारसातील वायूमुळे पोकळ्या राहिलेल्या असतात. संगमरवरातील शिरा अनेकदा भेग समजल्या जातात. नखाला कड लागते का, हे पाहणे ही यातली सोपी कसोटी होय.

भरण्याची द्रव्ये

एपॉक्सी राळ व तिचे घट्टक उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात. घट्टक जास्त घातल्याने राळ अधिक मजबूत होत नाही. एपॉक्सी घट्ट चिकटते व आकसते कमी, मात्र उन्हात पिवळी पडते. पॉलिस्टर राळ लवकर वाळते, पण अधिक आकसते. केसासारख्या बारीक चिरेत दाट राळ शिरत नाही, तेथे अतिशय पातळ राळ लागते. पांढरे सिमेंट स्वस्त असल्याने घरोघरी वापरले जाते. परंतु ते लवकर मळते आणि करड्या शहाबादी फरशीवर पांढऱ्या ओरखड्यासारखे उठून दिसते.

रंग जुळवणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. त्याच दगडाची भुकटी राळेत मिसळणे ही नेहमीची पद्धत असली, तरी राळेत भिजलेली भुकटी ओल्या दगडासारखी गडद दिसते. म्हणून आधी लादीच्या तुकड्यावर नमुना वाळवून पाहतात व गरजेनुसार ऑक्साइड रंग मिसळतात.

कृती

भेगेतील सुटे कण, मेण व तेल काढून दगड पूर्ण कोरडा केला जातो. पावसाळ्यात, विशेषतः तळमजल्यावर, यास बराच वेळ लागतो. जमिनीतून ओल चढत असेल तर राळेने वरची वाट बंद झाल्यावर ओल कडेने बाहेर पडू लागते आणि तिच्यासोबत आलेल्या क्षारांमुळे दगडाचे पोपडे निघतात. अशा फरशीत आधी ओलीचा बंदोबस्त करणे इष्ट.

भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून राळ पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईल इतकी भरतात. ती अर्धवट घट्ट झाल्यावर जादा भाग पात्याने कापतात आणि पूर्ण वाळल्यावर क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश कागदाने घासतात. मोहस् मापनात कॅल्साइटचा कठीणपणा ३ असल्याने संगमरवर हाताने घासता येतो. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झचा कठीणपणा ७ असतो. त्याला हिऱ्याच्या कणांच्या चकत्या लागतात. चांगली दुरुस्तीही तिरप्या उजेडात थोडी दिसतेच, कारण राळेची चकाकी दगडासारखी नसते.

काम संपल्यावर डाग घालवण्यासाठी फरशी ॲसिडने धुण्याची प्रथा संगमरवर, कोटा व शहाबादी या दगडांना घातक आहे. त्यांतील कॅल्शियम कार्बोनेटवर आम्लाची क्रिया होऊन पृष्ठभाग खरखरीत होतो. लिंबू व व्हिनेगर यांचाही परिणाम तसाच, फक्त सौम्य असतो.

लादी बदलणे

तुकडे झालेली लादी सांध्याच्या रेषेवर कापून, मध्यापासून कडेकडे छिन्नीने फोडून काढतात, म्हणजे शेजारच्या लाद्यांचे टवके उडत नाहीत. नवी लादी त्याच खाणीतील असली तरी वापरलेल्या फरशीशी तिचा रंग क्वचितच जुळतो. त्यामुळे काही कारागीर कपाटाखालची जुनी लादी काढून मोक्याच्या जागी बसवतात व नवी कपाटाखाली घालतात.

वारसा वास्तूंमध्ये मात्र मूळ दगड शक्यतो बदलला जात नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार गहाळ भागाच्या जागी बसवलेला नवा भाग मूळ रचनेशी सुसंगत, तरीही बारकाईने पाहता वेगळा ओळखू येणारा असावा लागतो.

सुरक्षितता

ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार जडू शकतो. त्यामुळे दगड पाणी सोडत कापतात व योग्य प्रतीचा मुखवटा वापरतात. न वाळलेल्या एपॉक्सीमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकत असल्याने हातमोजेही आवश्यक असतात.