दादीजानचा कडुनिंब आणि राझींचा ग्रंथ

आम्ही लहान असताना आम्हाला गोवर निघाला, तेव्हा दादीजानने दारावर कडुनिंबाची डहाळी बांधली. घरात फोडणी बंद, पाहुण्यांना दार बंद. फोडणीच्या वासाने आणि डॉक्टरच्या सुईने गोवर बिघडतो, अशी तिची पक्की समजूत. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. ती म्हणायची, ‘‘एक बार निकली तो दुबारा नहीं निकलती, बेटा.’’

पुढे आम्ही बी.एड. झालो, उर्दू शाळेत शिकवू लागलो आणि हे सारे ‘जहालत’ ठरवून मोकळे झालो. इतिहास वाचला तेव्हा हा निकाल घाईचा वाटू लागला.

इ.स. 925च्या सुमारास वारलेले हकीम अबू बक्र अल-राझी बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख होते. देवी आणि गोवर या दोन आजारांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. देवीत पाठ जास्त दुखते, गोवरात बेचैनी आणि मळमळ जास्त, असा फरक त्यांनी रुग्ण पाहून नोंदवला. पण आजाराचे कारण काय? द्राक्षांचा रस आंबतो तसे मुलाचे रक्त उसळते, असे त्यांना वाटले. निरीक्षण अचूक, कारण चुकीचे! एवढ्या मोठ्या हकीमांचे असे झाले, तर आमच्या दादीजानला किती दोष द्यावा?

दुसरी गोष्ट तुर्कस्तानातील म्हाताऱ्यांची. इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू हिने 1717 साली तिथून पत्र लिहून कळवले, की शरद ऋतूत वृद्ध स्त्रिया देवीच्या फोडातील द्रव घेऊन घरोघर जातात आणि सुईने तो निरोगी मुलांना टोचतात. मुलांना सौम्य देवी येतात आणि पुन्हा येत नाहीत. यात धोका होता, काही जण दगावतही. पण खऱ्या साथीपेक्षा फार कमी. लेडी मेरीने 1718 साली आपल्या मुलालाही टोचून घेतले. म्हाताऱ्यांची ही विद्या इंग्लंडला पोहोचली.

तिथल्या खेड्यांत आणखी एक समजूत होती. गाईच्या सडावरील फोडांचा संसर्ग झालेल्या गवळणींना देवी येत नाहीत, अशी. एडवर्ड जेन्नर यांनी ती हसण्यावारी नेली नाही, पारखून पाहिली. 1796 साली आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला त्यांनी गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव टोचला. हीच लस पुढे बगदाद आणि बसऱ्यामार्गे, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत मुंबईत आली. 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

म्हणजे म्हाताऱ्यांच्या गोष्टींत खोटे असते, तसा तजुर्बाही असतो. दोन्ही वेगळे करायला पारख लागते.

ही पारख आम्हाला उशिरा आली. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याची आई तान्ह्या बाळाला घेऊन शाळेत आली होती. बाळाला लस दिली का, असे विचारताच ती म्हणाली, ‘‘सर, गोवर तो निकलना ही चाहिए, अंदर की गर्मी निकल जाती है.’’ आम्ही चारचौघांत हसलो. ती ओशाळून निघून गेली. पुढे त्या बाळाला गोवर झाला. ते वाचले, पण कितीतरी दिवस दवाखान्यात होते. ते हसू आम्हाला आजही टोचते.

2022 साली गोवंडी, भिवंडी, मालेगाव या आपल्याच वस्त्यांत गोवराची साथ आली. मुले दगावली. त्यानंतर आम्ही बोलण्याची रीत बदलली. आम्ही आयांना सांगतो, ‘‘पाहुण्यांना दार बंद करता, ते अगदी बरोबर, गोवर खोकल्यातून, श्वासातून पसरतो. दादी-नानी म्हणतात एकदा झाला की पुन्हा होत नाही, तेही खरे. लस शरीराला हेच शिकवते, मुलाला आजारी न पाडता. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. आणि गोवर झालाच तर कडुनिंब खुशाल बांधा, पण मुलाला दवाखान्यात न्या.’’

आता आया ऐकून घेतात. काही जणी दुसऱ्या दिवशी लसीचे कार्ड आणून दाखवतात.