फिरती फौज आणि तार

घोटीवरून जो आग्रा रस्ता जातो, त्याच्या इतिहासांत फिरत्या सैन्याच्या दळणवळणाचा एक मोठा धडा सांपडतो. मुंबई, आग्रा व कलकत्ता हीं शहरें १८५४ सालीं विजेच्या तारेनें जोडलीं गेलीं. १८५७ च्या युद्धांत इंग्रजांचें मोठें बळ या तारेंत होतें. परंतु तार खांबांना जखडलेली, आणि फौज तर फिरती! म्हणून मार्च १८५८ मध्यें लखनौच्या स्वारींत पॅट्रिक स्टुअर्टनें सैन्याबरोबरच तार ओढीत नेली व सेनापति कॅम्बेलचा तळ अलाहाबादेस असलेल्या गव्हर्नर-जनरलशीं जोडून दिला.

या बळाचें मर्म येवल्याच्या तात्या टोप्यांनीं ओळखलें. नोव्हेंबर १८५८ मध्यें नर्मदेच्या दक्षिणेस याच आग्रा रस्त्यावर येतांच त्यांनीं तार तोडली.

आज रणांगणावरील तुकड्या बिनतारी यंत्रांनीं एकमेकींस नकाशे व चित्रेंहि धाडतात. तोडावयास तार उरली नाहीं. पण आकाशांतील लहरी शत्रूलाहि ऐकूं येतात आणि त्याला त्या गोंगाटानें दाबूनहि टाकतां येतात. साधन पालटलें, तात्यांनीं घातलेला पेंच मात्र सुटलेला नाहीं: निरोप तुटला, कीं फौज आंधळी होते.