पंचमीची सुट्टी

गिरडच्या माणसाला भाद्रपदाची चाहूल गणपतीने नव्हे, पोळ्याने लागते. बैलांचे खांदे शेकायचे, अमावास्येला त्यांना तोरणाखाली उभे करायचे, झडत्यांची चढाओढ ऐकायची. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल ओढत पोरे घरोघर बोजारा मागत फिरतात. मग गणपती. हा क्रम साऱ्या मराठी मुलखाचाच आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. २०२३ साली अध्यापनानिमित्त मॉरिशसला राहिलो आणि तो समज गळून पडला.

पोळा तेथे नव्हताच. चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. सरकारी सुट्टी मात्र २० तारखेची. आम्हांला ती चूकच वाटली. (मराठीच्या प्राध्यापकांना दुसऱ्याच्या चुका फार लवकर दिसतात.) पण पंचमीला घरोघरच्या मूर्ती नदीकडे, समुद्राकडे निघाल्या, तेव्हा उलगडा झाला. सुट्टी होती ती विसर्जनाची.

या बेटावर १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर येऊ लागले. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. त्यांतली मराठी माणसे मुख्यतः रत्नागिरी-सावंतवाडीकडची. कोकणातल्या पुष्कळ घरांत गणपती दीड दिवसाचा असतो. गाठोड्यातून तोच गणपती गेला. लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सवाला चालना दिली ती १८९३ नंतर. यांतली बरीच कुटुंबे तोवर बेटावर येऊन स्थिरावलीही होती. म्हणजे ज्याला आम्ही मूळ स्वरूप समजत होतो, तो दहा दिवसांचा मंडप इतिहासाच्या हिशेबाने अलीकडचा. आणि ज्याला आटलेले रूप म्हणायला निघालो होतो, ते जुने. आमच्या पोळ्याला तर त्या जहाजांत जागाच मिळाली नव्हती, कारण वऱ्हाड-वर्ध्याची माणसे त्यांत सहसा नव्हती.

बदल झाले नाहीत असे नव्हे. आपला हा पावसाळी सण तेथे हिवाळ्याच्या अखेरीस, ऊसतोडीच्या दिवसांत येतो. कोकणची जाखडी तेथे 'झाकरी' झाली आहे. घरात बोली क्रिओल, आरती मात्र मराठी.

विसर्जनानंतर यजमानांच्या वृद्ध आईंनी विचारले, ''आमचं काही चुकतं का?'' महिनाभरापूर्वी आमच्यापाशी याचे लांबलचक उत्तर तयार होते. आता आम्ही एवढेच म्हणालो, ''नाही, आजी. आमच्याकडे थोडं निराळं असतं.''

''तुमचं गिरड कोणत्या समुद्रावर?''

समुद्र नाही, हे ऐकून त्या हळहळल्या. मग आम्ही त्यांना पोळा सांगू लागलो. बैलापर्यंत सगळे नीट समजले; 'बोजारा' या शब्दापाशी मात्र आम्ही अडलो, आणि शेवटी नातवाच्या हातावर एक नाणे ठेवून तो अर्थ दाखवावा लागला.