पितळी पंप ते लाल ‘ई’

मागच्या दिवाळीत भाचा चोर बाजारातून एक पितळी पंप घेऊन ठाण्यातल्या बाळकुमला माझ्याकडे आला. दीड वीत लांब, एका टोकाला सायकलच्या पंपासारखी मूठ, दुसऱ्या टोकाला बारीक भोक. तो आणि त्याचे तीन मित्र कोलशेत रोडला भाड्याच्या शेडमध्ये एक जुनी हॅचबॅक रॅलीसाठी तयार करत होते. “मामा, जुन्या मोटारींत आग विझवायला हा असायचा म्हणे. आपल्या गाडीत लावू?” मी पंप हलवून पाहिला. आत द्रव डुचमळला. तसाच तो त्याच्या हातातून घेतला आणि गच्चीवर उघड्या हवेत नेऊन ठेवला.

एकतीस वर्षं मी अग्निशमन सेवेत काढली, लिडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. आजही बाळकुमच्या अग्निशमन केंद्रातून बंब निघाल्याचा आवाज आला की माझी नजर घड्याळाकडे जाते. वर्दी काशेळीच्या पुलाकडची असेल की घोडबंदरची, याचा अंदाज मन बांधत राहतं. भाच्याचा खरा प्रश्न होता की शर्यतीच्या गाडीत कोणती अग्निशमन यंत्रणा बसवावी. त्याच्याकडे कॅटलॉग होते. मी त्याला आधी इतिहास सांगितला, कारण या यंत्रणेतला प्रत्येक नियम कुणाच्या तरी जिवाची किंमत देऊन आलेला आहे.

तो पितळी पंप 1910 नंतरच्या दशकातली कल्पना. अमेरिकेतल्या पायरीन कंपनीने तो मोटारींत, दुकानांत, घरांत पोचवला. आत कार्बन टेट्राक्लोराइड. ते वीज वाहून नेत नाही, त्याची जड वाफ ज्वाळेवर बसते आणि पेट्रोलची लहान आग पटकन मरते. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली 1919 साली. त्या सुमारास हा पंप म्हणजे मोटारीच्या सुरक्षेतला शेवटचा शब्द होता. पण हाच द्रव तापलेल्या लोखंडावर पडला की त्यातून फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतली माणसं मारायला वापरलेला तो वायू. उघड्या टपाच्या गाडीत वाऱ्याने तो निघून जाई. बंद केबिनमध्ये मात्र आग विझायची आणि माणूस विषात बसून राहायचा.

ही चूक वेगळ्या रूपात मी स्वतः पाहिली आहे. वीसेक वर्षांपूर्वी घोडबंदर रोडला एका मोटारीने पेट घेतला होता. आम्ही पोचायच्या आत एका भल्या माणसाने कोरड्या पावडरचं अख्खं सिलिंडर खिडकीतून आत रिकामं केलं. ज्वाळा खाली बसल्या, पण चालकाला दिसेना, श्वास घेता येईना, सीटबेल्टचं बटण सापडेना. आम्ही बेल्ट कापून त्याला बाहेर घेतला. तेवढ्यात बॉनेटखाली पुन्हा भडका उडाला, कारण पावडर ज्वाळा मारते, तापलेलं लोखंड थंड करत नाही. तो माणूस वाचला. त्या दिवसापासून यंत्रणा निवडताना माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: हे आत बसलेल्या माणसाला काय करील?

शर्यतींच्या जगाला हा प्रश्न उशिरा पडला. 1967 मध्ये मोनॅकोला लोरेन्झो बंदिनीची फेरारी उलटून पेटली, आणि ट्रॅकच्या कडेला सुरक्षेसाठी रचलेले गवताचे भारेच आगीचं सरपण झाले. तीन दिवसांनी तो गेला. 24 ऑक्टोबर 1971 ला ब्रँड्स हॅचला जो सिफर्ट नावाच्या चालकाचा पाय मोडला, तो पेटलेल्या गाडीत अडकला आणि धुराने गुदमरून मेला. त्यानंतर गाडीच्या आतच बसवलेली अग्निशमन यंत्रणा आणि हेल्मेटमध्ये श्वासाची हवा, या दोन गोष्टींचा आग्रह वाढला.

29 जुलै 1973 ची झांडफोर्टची घटना तर कुठल्याही फायरमनला सुन्न करणारी आहे. रॉजर विल्यमसनची गाडी उलटी पडून पेटली. तो आत जिवंत होता. डेव्हिड पर्ली नावाचा दुसरा चालक स्वतःची गाडी सोडून धावला, एकट्याने विल्यमसनची गाडी सरळ करायचा प्रयत्न करत राहिला, हातात मिळालेलं एक सिलिंडर त्याने संपवलं. भोवतीच्या मार्शलांकडे आगीत शिरण्याजोगे कपडेच नव्हते. शर्यत चालू राहिली, विल्यमसन वाचला नाही. 1976 मध्ये न्यूर्बुर्गरिंगला निकी लाउडाला चार चालकांनी ओढून काढलं. त्याच्या चेहऱ्यावरचे व्रण जगाने पाहिले, पण त्याला मरणाच्या दारात नेलं ते फुप्फुसात गेलेल्या तप्त, विषारी वायूंनी.

आमच्या पेशातले नियमही असेच आलेले आहेत. 14 एप्रिल 1944 ला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात होती. त्यात 66 अग्निशामक गेले. म्हणून दर 14 एप्रिलला देशभरातल्या केंद्रांवर आम्ही मान खाली घालून उभे राहतो. नियमांच्या पुस्तकाकडेही मी त्याच नजरेने बघतो.

यंत्रणांच्या इतिहासात पुढचा टप्पा हॅलॉनचा. हॅलॉन 1301 वायू फवारला की कोनाकोपऱ्यात शिरतो, आगीची रासायनिक साखळीच तोडतो, मागे डाग ठेवत नाही. योग्य प्रमाणात असेल तर माणूस त्यात काही काळ श्वास घेऊ शकतो. विमानं, संगणककक्ष, शर्यतीच्या गाड्या, सगळ्यांना तो हवासा वाटला. पण वर जाऊन तो ओझोनचा थर खातो. 1987 चा माँट्रियल करार झाला, विकसित देशांनी 1994 पासून त्याचं उत्पादन थांबवलं, भारत 1992 मध्ये करारात आला आणि 2000 साली आपल्याकडे ओझोनला घातक पदार्थांचे नियम लागू झाले. चालकासाठी बरा असलेला वायू आभाळासाठी वाईट निघाला.

त्यानंतर शर्यतींत फोमचा जोर वाढला. पाण्यात मिसळलेलं हे द्रावण पेट्रोलवर पातळ पडदा पसरतं, वाफ दाबून धरतं, आणि त्यातलं पाणी लोखंड थंड करतं. घोडबंदरला झाला तसा पुन्हा पेट घेण्याचा धोका त्याने कमी होतो. हॅलॉनच्या जागी आलेले नवे वायू स्वच्छ आहेत, पण इंजिनाची जागा खालून उघडी असते. वायू निघून गेला आणि लोखंड तापलेलंच असलं तर आग परत येते. फोमचाही हिशेब पूर्ण चोख नाही. त्यातली जुनी फ्लोरिनयुक्त रसायनं मातीत-पाण्यात टिकून राहतात, म्हणून जग आता फ्लोरिनविरहित फोमकडे वळतं आहे.

“मग ट्रॅकवर बंब असतातच ना?” भाच्याने विचारलं. असतात, आणि नेमके असले तर चमत्कार करतात. 1989 मध्ये इमोलाला गेरहार्ड बर्गरची फेरारी भिंतीवर आदळून पेटली, तिथल्या अग्निशामकांनी ती अर्ध्या मिनिटाच्या आत विझवली. 2020 मध्ये बहारीनला रोमां ग्रोझाँ सुमारे 28 सेकंद ज्वाळांत होता आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला. पण ते फॉर्म्युला वनचे ट्रॅक. रॅली नाशिककडच्या मातीच्या वाटांवर धावते. वळणामागे गाडी उलटली तर पहिला माणूस पोचेपर्यंत मिनिटं जातात. तिथे चालकाचा बंब म्हणजे त्याच्या सीटमागची बाटली.

मग आम्ही शेडमध्ये बसून निवड केली. जागतिक मोटार महासंघाच्या 8865-2015 या मानकाची, चालकाच्या कक्षात आणि इंजिनात दोन्हीकडे फवारणारी फोमची यंत्रणा. धातूचे पाइप, कारण प्लास्टिक आधी वितळतं. बाटलीला धातूचे पट्टे, कारण धडकेत सुटलेली बाटली तोफगोळा होते. चालकाच्या कक्षातल्या नोझलचं तोंड त्याच्या चेहऱ्याकडे नाही. सोबत हाताशी एक छोटं सिलिंडर. विजेचा कटऑफ यंत्रणा सुरू करणाऱ्या कळीशेजारीच, कारण इंधनाचा पंप चालू राहिला तर तोच आगीला पेट्रोल पाजत राहतो. बाहेर, समोरच्या काचेच्या खालच्या बाजूला, ओढायची कडी. आणि तिच्याजवळ पांढऱ्या वर्तुळात, लाल कडेच्या आत, लाल इंग्रजी ‘ई’. चालक बेशुद्ध असला तर धावत येणाऱ्या परक्या माणसाला हे एकच अक्षर वाचायचं असतं. म्हणून त्यावर स्टिकर चिकटवायचे नाहीत, असं मी बजावलं.

शेवटी भाच्याला सीटवर बसवून बेल्ट आवळले, हेल्मेट घातलं, डोळे मिटायला सांगितले. “आग.” त्याचा हात कळीपर्यंत पोचला नाही, चार बोटं कमी पडली. आम्ही कळ सरकवली. पुन्हा पाहिलं. मग त्याच्यापेक्षा बुटक्या सहचालकाला बसवून पाहिलं. ती संध्याकाळ कुठल्याही कॅटलॉगपेक्षा मोलाची होती. बाटलीची तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते, ती तारीख भाच्याने डॅशबोर्डवर रंगाने लिहिली आहे.

पितळी पंप त्याच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी घातक कचऱ्यात जमा करून घेतला. चोर बाजारात तसा पंप तुम्हाला दिसला आणि आत द्रव हलला तर तो घरी आणू नका. आणि तुमच्या साध्या मोटारीत सिलिंडर असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा: बेल्ट लावून बसा, डोळे मिटा आणि हात पोचतो का पाहा. पोचत नसेल तर त्याची जागा बदला.