‘कंपू’ या शब्दाविषयी

गेल्या दिवाळीत आमच्या सोनागिरीच्या घरी पुण्याहून सूनबाई आल्या होत्या. बोलता बोलता आपल्या कार्यालयाविषयी त्या म्हणाल्या, “तिथे सगळा एका कंपूचा कारभार आहे.” आमच्या वहिनींचे माहेर ग्वाल्हेरचे. त्यांनी भाबडेपणाने विचारले, “म्हणजे तुमची शाखा कंपूत उघडली का? आमचा जुना वाडा तिथून जवळच.” सगळे हसले, पण हसू ओसरल्यावर आमच्या ध्यानात आले की दोघीही मराठीच बोलत होत्या आणि दोघींचेही बरोबर होते.

आजच्या मराठीत कंपू म्हणजे आपापसांत संगनमत करणाऱ्यांचे टोळके. ग्वाल्हेरीत मात्र ते लष्कर भागातील एका वस्तीचे नाव आहे. युल आणि बर्नेल यांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन बोलीचा कोश प्रसिद्ध केला. त्यात हा शब्द इंग्रजी ‘कॅम्प’पेक्षाही पोर्तुगीज ‘कांपो’वरून आला असावा असे म्हटले आहे. छावणी हा अर्थ तर दिला आहेच. शिवाय मराठ्यांच्या चाकरीतील, युरोपियन सरदारांच्या हाताखालच्या कवायती ब्रिगेडींना पूर्वी खास करून हे नाव होते, अशीही नोंद केली आहे. म्हणजे इंग्रजांच्या बोलीतही हा शब्द गेला तो आपल्याच फौजेच्या वर्णनासाठी.

महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाला चाकरीस ठेवले, ते आरंभी दोन पलटणी उभारण्यासाठी. १७९० मध्ये जूनात पाटण आणि सप्टेंबरात मेडता अशा दोन लढाया या कवायती फौजेने जिंकल्या, आणि मग कंपू वाढत गेले. एका कंपूत साधारण आठ-दहा पलटणी, सोबत तोफखाना. बंदूकधारी शिपाई ते तिलंगे, तोड्याची बंदूक वापरणारे ते नजीब. विशेष म्हणजे पगार वेळेवर मिळावा म्हणून द बॉयनला दुआबातील मुलूखच लावून दिलेला होता. तीस वर्षे सरकारी वेतनपत्रके हाताळलेल्या आमच्यासारख्यांना या व्यवस्थेचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

परकी शब्द पुढे बदनाम होण्याचे हे एकच उदाहरण नव्हे. ‘गार्ड’वरून आलेला गारदी पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखानाच्या हाताखाली शर्थीने लढला, १७७३ साली नारायणरावांचा खून झाला आणि तो शब्द कायमचा काळवंडला. त्याला निदान कारण तरी होते. कंपूने असे काय केले?

१८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा द बॉयनच्या जागी आलेला पेराँ सप्टेंबरातच शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला. इतर बहुतेक युरोपियन अधिकारीही निघून गेले. शिपाई मात्र राहिले. १ नोव्हेंबरला लासवाडीस त्यांनी तोफांजवळून पाय मागे घेतला नाही, आणि त्यांच्या शौर्याची कबुली खुद्द जनरल लेकने दिली. ज्यांनी संगनमत केले ते सरदार होते. नाव मात्र शिपायांच्या जथ्याचे खराब झाले. आमच्या मते हा शब्दावर झालेला अन्यायच आहे.

१८१० मध्ये दौलतरावांचा तळ ग्वाल्हेरास स्थिरावला, त्याचे लष्कर शहर झाले. १८१२-१३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला, तो निष्फळ ठरला. (आमची मंडळी भोपाळात शिरली ती १९५६ नंतर, राजधानी येथे आल्यावर, फायली बगलेत मारून!) २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनिहार येथे ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला आणि तिची संख्या इंग्रजांनी तहाने मर्यादित केली. फिलोज घराणे तेवढे टिकले. १८७४ चा जयविलास महाल त्यातल्याच मायकेल फिलोजने बांधला.

वहिनींच्या माहेरी पंगतीला पोरे एकदम धावत आली की आजी म्हणत, “आला कंपू! पाट मांडा.” त्या म्हणण्यात निंदा नसे. सूनबाईंनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नातवंडे चहाला गोळा झाली तेव्हा, त्याच शब्दाने त्यांना हाक मारली.